रंग कुठला मारायचा?

"मग ताई, रंग कुठला मारायचा?" पेंटरनं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत मोबाइल पुढं केला. फोटोत एक जीप होती, आमच्याच वाणाची. हिरवी, चमक नसलेली, बॉनेटवर पांढरा तारा, मागं पेट्रोलचा कॅन, कडेला फावडं आणि कुऱ्हाड पट्ट्यानं आवळलेली. "मिल्ट्री मारूया. आता सगळी हाच मारत्यात. लग्नाला भाड्यानं बी जाती मग." गोडोलीतल्या आमच्या घराच्या अंगणात जीप विटांवर उभी होती, चाकं काढलेली, हूडचं कापड नाही, मागचा बाक भिंतीला टेकवलेला. तोवर मला विचारल्या गेलेल्या सगळ्या प्रश्नांना माझ्याकडं उत्तरं होती. पत्रा किती गेजचा, बुश रबरी की पितळी, लायनर कुठून आणायचे. रंगाचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. "सांगते" म्हटलं आणि त्याला चहा दिला. तो चहा पिऊन गेला, मी काही सांगितलं नाही, आणि तो प्रश्न घरात मुक्कामाला राहिला. भाकरी थापताना, बँकेत काउंटरवर कुणाचं तरी पासबुक भरताना मध्येच आठवायचं, रंग कुठला?

मिल्ट्री नाही, एवढं त्याच दिवशी ठरलं होतं. आमची जीप सीजे थ्री बी, उंच बॉनेटची. दुसऱ्या महायुद्धात धावली ती विलीज एमबी, बुटक्या बॉनेटची आणि तोंडावर नऊ खाचांच्या जाळीची. युद्ध १९४५ ला संपलं. हे उंच बॉनेटचं मॉडेल विलीजनं अमेरिकेत १९५३ साली काढलं, कारण नवं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यानं इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचललं आणि बाकी गाडी जवळपास तशीच ठेवली. म्हणून समोरून बघितलं की हिचं कपाळ जरा जास्तच मोठं दिसतं. पुढं महिंद्रानं ती आपल्याकडं वर्षानुवर्षं बनवली. आमची १९६८ ची. तिच्या कपाळावर अमेरिकन फौजेचा तारा काढायचा म्हणजे आमच्या चुलत्यांच्या तसबिरीवर दुसऱ्याचं पदक टाचायचं. शिवाय हे सातारा आहे. अपशिंगे मिलिटरी इथून जवळ, गावाच्या नावातच मिलिटरी आहे आणि घराघरात फौजी. तिथल्या माणसाला आमची नटवलेली जीप बघून काय वाटेल? आणि कायद्याचंही आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणी लावायचा नाही. पेंटरला हे सांगितल्यावर तो हसला. "ताई, निम्मा सातारा आत जाईल मग."

पुढचं मात्र सुटेना. मिल्ट्री नाही तर कुठला? सोपं उत्तर असं की मूळ होता तो. म्हणून एका रविवारी पॉलिश पेपर आणि पाण्याचा मग घेऊन बसले. बॉनेटच्या खालच्या कडेला, जिथं क्लिप बसते तिथं, बोटभर जागा घासायला घेतली. वर पांढरा. हा मला ठाऊकच होता, आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्याच्या खाली आणखी एक पांढरा निघाला, पण जुन्या हस्तिदंतावर झुकणारा. त्याखाली निळा, अगदी पातळ, घाईघाईनं मारलेला. त्याच्या खाली करडा, आणि हा करडा पेपरला दाद देईना, एवढा चिवट. त्याखाली तांबडा प्राइमर आणि मग पत्रा. घासलेल्या जागेच्या कडेनं सगळे रंग एकाला एक लागून कड्यांसारखे दिसायला लागले. पाणी टाकलं की ते आणखी गडद व्हायचे. बोटाखाली प्रत्येक कडेची जराशी पायरी लागत होती.

करडा सरकारी. आरसी बुकात पहिला मालक एक सरकारी खातं आहे, त्यापुढं शिक्के असे पसरलेत की खातं कुठलं ते अंदाजानंच वाचायचं. निळा एका ठेकेदाराचा. पाटणच्या बाजूला त्याची रस्त्यांची कामं होती म्हणे, लिलावात घेतली, मुरूम-डांबराच्या कामावर मनसोक्त पिदडली. मग मेढ्याकडच्या एका डॉक्टरांनी ती घेतली आणि पांढरी केली. आप्पांनी डॉक्टरांकडून घेतली तेव्हा मी चौथीत होते. तेव्हा तिच्या बहुतेक सख्ख्या बहिणींच्या पोटातलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं जात होतं आणि त्या वडापला, म्हणजे माणशी भाड्यानं प्रवासी न्यायला, लागत होत्या. पुढं दोन, मध्ये चार, मागं मोजायचं नाही, टपावर बोचकी आणि मागच्या पायरीवर लटकलेला क्लीनर. आमची त्या वाटेला गेली नाही. डॉक्टरांना डिझेलचा आवाज खपत नसे. रात्री पेशंटला घेऊन निघालं की मागं काय चाललंय ते ऐकू आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. निदान आप्पा तरी तसं सांगायचे, आणि आप्पांना गोष्टीत थोडं मीठ घालायची सवय होती.

तर मूळ कुठला? करडा, असं म्हणायला सोपं आहे. पण सरकारी करड्यात ती जेमतेम दहा वर्षं असेल. पांढऱ्यात तिचं सगळं आयुष्य गेलं.

आप्पांनी मला जीप चालवायला कधी शिकवलं नाही. भावाला शिकवली, तो आठवीत असताना, माहुलीच्या बाजूला मोकळ्या रानात. मला पाने द्यायला बसवायचे. "चार सूत दे." "साडेचार सूत." "तो नव्हे, रिंगचा." जीपचे सगळे नट इंची मापाचे, आणि आमच्याकडं इंच मोजायचा तो सुतात, आठ सुतांचा एक इंच. शाळेत बाईंनी अपूर्णांक शिकवायला घेतले तेव्हा मला चार अष्टमांश म्हणजे अर्धा हे आधीच हाताला ठाऊक होतं, अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे चार सूत. बाईंना मोठं कौतुक वाटलं. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं, तर ते जीपखालूनच म्हणाले, "मग पाच सूत आण." आजही गॅरेजातली नवी पोरं मिलिमीटरचा तेरा नंबर घेऊन येतात आणि अर्ध्या इंचाच्या नटावर चढवतात. तो बसतो, पण सैल. जोर लावला की नटाचे कोपरे मरतात. असे कोपरे मेलेले नट या गाडीत जागोजागी आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्या अनोळखी हाताचा राग येतो. माझ्या भावाचा हातही त्यात असणार. तो पुण्यात असतो, चारचाकी घेताना मायलेज आणि स्क्रीन बघतो, आणि आप्पा गेल्यावर पहिल्याच दिवाळीला म्हणाला, "ताई, भंगारवाल्याला दे, नाहीतर एखाद्या हॉटेलवाल्याला. दारात उभी करतात."

हॉटेलच्या दारातली जीप मी बघितलीय. हायवेला. बॉनेटमध्ये शेवंती लावली होती.

मिस्त्री आले तेव्हा मात्र माझ्याशी बोलेनात. म्हणजे उद्धटपणा नव्हता, सवयच. गाडीचं बोलायचं तर घरातल्या पुरुषाशी. माझा भाचा त्या दिवशी आला होता, अकरावीतला, त्याला मोटारीतलं काही कळत नाही, आणि मिस्त्री त्यालाच सांगत होते की ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचं, सील गेलंय, पुढच्या नकलमधलं ग्रीस बाहेर आलंय. भाचा मान हलवत होता. शेवटी मी विचारलं, "मागचं यू-जॉइंट बघितलं का? रिव्हर्सला खट्कन वाजतंय." तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं, हात पुसले, आणि तिथून पुढं भाच्याशी बोलणं बंद केलं. मिस्त्रींचे वडील सातारा रोड या गावी कूपरच्या कारखान्यात होते. १९२२ साली सुरू झालेला तो कारखाना. डिझेल इंजिनांसाठी त्याचं नाव होतं आणि आमच्या भागातल्या किती घरांत त्यानं लोखंडाचं वेड पेरलं याची मोजदाद नाही. मिस्त्री फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, वापरतात, पण टपेट लावताना, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवताना, आधी बोटानं रॉकर हलवून बघतात आणि मग गेज घालून खात्री करतात. मला उलटं करायला लावलं. "तुमी आदी गेज घाला. बोट पुडं आपोआप शिकंल."

फ्लोअरचा पत्रा हा सगळ्यात नाजूक विषय. ड्रायव्हरच्या पायाखाली, अगदी क्लचच्या पेडलला लागून, एक पॅच होता. रिव्हेट मारलेला, वर डांबर थापलेलं. डांबर खरवडल्यावर खालून कसला तरी छापील पत्रा निघाला. तेलाच्या डब्याचा. अर्धवट अक्षरं आणि शेंगांचं चित्र. कुणीतरी शेंगतेलाचा पंधरा किलोचा डबा कापून, हातोडीनं सपाट करून जीपच्या तळाला लावला होता, आणि तो अंदाजे तीसेक वर्षं टिकला होता. बाकीचा कंपनीचा पत्रा चारी बाजूंनी कुजून गेला, हा मधला जागच्या जागी. ठेकेदाराच्या काळातला असेल, डॉक्टरांच्या असेल. मी बराच वेळ तो हातात घेऊन उन्हात बसले. मंडी डबवालीला, पंजाब-हरियाणाच्या सीमेवर, जीपच्या अख्ख्या नव्या बॉड्या मिळतात. फोनवर माप सांगायचं, पैसे भरायचे, ट्रान्सपोर्टनं नवा कोरा टब येतो. भावानं तोही मार्ग सुचवला होता, आणि हिशोब केला तर तो स्वस्तच पडत होता. नवी बॉडी, आतून-बाहेरून चकचकीत, गंजाचं नाव नाही. मग जुन्या बॉडीचं काय करायचं, असं मी विचारलं तर म्हणाला, "किलोवर जाते की." त्याचं गणित बरोबर होतं, आणि मला ते ऐकून रात्री झोप आली नाही, यातलं काय जास्त खुळेपणाचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी मिस्त्रींनी मधला मार्ग काढला. कुजलेलं तेवढं कापायचं, जिथं लोखंड चांगलं आहे तिथं थांबायचं, नवा पत्रा अठरा गेजचा, कडेला कडा जोडून वेल्ड करायचा, वर चढवायचा नाही. एकावर एक पत्रा चढवला की दोन्हींच्या मध्ये पाणी बसतं आणि साताऱ्याच्या पावसात ते पाणी दिवाळीपर्यंत हलत नाही. डब्याचा पॅच कापावाच लागला. मिस्त्री म्हणाले, "हेच्याजागी आता काय लावलं तरी लोक म्हणणार कंपनीचं हाय. ज्यानं हे केलं, त्याचं नाव कुटं ऱ्हायलं?" तुकडा मी हत्यारांच्या पेटीत, पान्यांखाली अंथरलाय. पाने घसरत नाहीत.

आणि मग तो हूक.

हूडच्या मधल्या पाइपाला, मागच्या बाकाच्या वर, एक तारेएवढा जाड गज वाकवून हूक केलेला आहे. वेल्डिंग अगदी कच्चं, गोळ्या-गोळ्यांचं. पेंटरचा पोरगा ग्राइंडर घेऊनच आला होता, "हे उडवतो, रंगात वाईट दिसंल." मी थांबवलं आणि मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, सलाईनचा. डॉक्टर पेशंटला मेढ्याहून सिव्हिलला आणायचे तेव्हा बाटली लावायला. दुसरं काय असणार? मला ते ऐकून अंगावर काटा आला. त्या बाकावर मी लहानपणी आडवी होऊन झोपलेली आहे, हूक माझ्या डोळ्यांसमोर हलत असायचा. आत गेले आणि आईला सांगितलं. आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कसलं सलाईन? तो यांनी करून घेतला. मंडईतनं येताना पिशवी खाली ठेवली की टोमॅटो चेंगरायचे, म्हणून मीच भांडले होते." मी परत बाहेर. मिस्त्री म्हणाले, वहिनींचं खरं असंल. मग जरा थांबून म्हणाले, पर डॉक्टरांच्या गाडीत बाटली लावायला कायतरी असणारच की. दोघांपैकी कुणीच मागं हटलं नाही. भावाला फोन केला तर त्याला हूकच आठवेना. वेल्डिंगकडं बघून वय सांगता येत नाही, वर रंगाचे थर बघावेत तर त्या गजावर फक्त वरचा पांढरा आहे, पण तो भागच सगळा आप्पांनी एकदा खरवडून रंगवला होता. म्हणजे पुरावा नाही. हूक ठेवला. भाजीच्या पिशवीचा असला तरी ठेवायचा, हे आईला पटलं, मिस्त्रींना पटलं नाही. त्यांच्या मते सलाईनचा असेल तरच त्याला अर्थ.

सरकारनं २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात असेल तर व्हिंटेज, नंबरात व्हीए ही अक्षरं. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी पाच हजार. आमची वयानं बसते. मी कागद गोळा करायला घेतलेही होते, आणि मग ती अट पुन्हा नीट वाचली की अशी गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरती. म्हणजे मंडईत न्यायची नाही. यवतेश्वरला न्यायची नाही. आईला दवाखान्यात न्यायची नाही. त्यापेक्षा दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा आणि आरटीओच्या मैदानात उन्हात उभं राहायचं. तिथले तपासनीस जीपभोवती दोन फेऱ्या मारतात, हॉर्न वाजवतात, दिवे बघतात, आणि मग हळूच विचारतात, "विकायची आहे का?" तो प्रश्न तपासणीचाच भाग असावा.

यवतेश्वरच्या घाटात हिची सगळी अक्कल कळते. वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतो, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जी पोकळी तयार होते तिच्यावर. ॲक्सिलरेटर सोडला की ओढ वाढते, वायपर सपासप हलतो. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की ओढ पडते आणि वायपर काचेच्या मधोमध थांबून विचार करत बसतो. म्हणजे भर श्रावणात, कासच्या बाजूनं धुकं खाली उतरत असताना, नेमकं चढावर, जिथं काच स्वच्छ हवी तिथं तो थांबणार, आणि उतरणीला, जिथं इंजिनाला काही काम नाही, तिथं उत्साहानं नाचणार. आप्पांचा त्यावर उपाय होता. वळणाआधी क्षणभर पाय उचलायचा, वायपरला एक फेरी मारू द्यायची, की पुन्हा दाबायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं गाडी उचक्या देतेय. शेजारच्या माणसाच्या वायपरला तर मोटारच नाही, त्यानं हातानं दांडी हलवायची. ते काम लहानपणी माझं होतं. आता भाचा हलवतो, एका हातात मोबाइल धरून. मी बाजारातून बारा व्होल्टची वायपर मोटर आणलेली आहे. ती खोक्यातच आहे. मिस्त्री दर वेळी विचारतात, बसवू का? दर पावसाळ्यात मी म्हणते, या वर्षी राहू दे. मला नक्की कशाची राखण करायचीय ते सांगता येत नाही. काच दिसली पाहिजे हे मलाही कळतं.

पेट्रोलची गंमत वेगळीच. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि ते इथेनॉल आपल्याच उसाचं. सातारा-सांगलीतल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून टँकर भरून जातात ते हायवेला रोज दिसतात. माझ्या माहेरच्या... म्हणजे आप्पांच्या गावी अजून आमचा दीड एकर ऊस आहे. तो ऊस कारखान्यात जातो, त्याची मळी होते, मळीचं इथेनॉल, ते पेट्रोलमध्ये, आणि ते पेट्रोल आमच्या जीपच्या पंपातला रबरी पडदा खातं. घरचाच माल. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाला साठतं आणि आतून गंज धरतो. त्यामुळं पंपाचा पडदा आणि सगळे पाइप नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, टाकी आतून धुऊन घेतली, आणि कार्बोरेटरच्या आधी काचेच्या वाटीचा फिल्टर बसवला. काचेचा असल्यानं तळाला काय जमतंय ते दिसतं. टाकी धुतली तेव्हा आत मूठभर तांबडी माती निघाली, आणि एक वॉशर, ज्याला तिथं असायचं काहीच कारण नव्हतं.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. मी गाडीखाली, आई सीटवर. आईला जीपमध्ये चढायला आता स्टूल लागतं. "दाब. धरून ठेव. सोड." मी चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, उघडते, नळीतून ब्रेक ऑइल येतं, त्यात बुडबुडे असतात, मी निप्पल बंद करते, मग सोड म्हणते. आधी सोडलं तर हवा परत आत. मागचं डावं चाक सगळ्यात लांब, तिथून सुरू करायचं आणि मास्टर सिलिंडरच्या जवळ जवळ येत जायचं. आई पहिल्यांदा घाबरत घाबरत दाबत होती. मग तिला लय सापडली. मी "दाब" म्हणायच्या आत पेडल खाली जायला लागलं. मध्येच वरून आवाज आला, "एवढी वर्षं संसार केला, पण या बाजूला मी पहिल्यांदा बसतेय." मी खाली, तोंडावर ब्रेक ऑइल, डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटलेले. काय बोलायचं ते सुचलं नाही. आप्पांवर माझा जीव होता. त्यांनी आम्हा दोघींना त्या बाजूला बसू दिलं नाही हेही खरं आहे. "धरलंयस ना?" मी विचारलं. "धरलंय," आई म्हणाली.

रंगाचं त्यानंतर काही दिवसांनी सुटलं, आणि तेही फार विचार करून नव्हे. पेंटर मला टू-के, क्लिअर कोट, ओव्हनमधला रंग असं समजावत होता. मी विचारलं की समजा मंडईत कुणी ओरखडा काढला तर? म्हणाला, पूर्ण पॅनेल मारावं लागेल, आणून सोडा. तिथंच ठरलं. आप्पा दर उन्हाळ्यात सिंथेटिक इनॅमलचा पाव लिटरचा डबा आणायचे आणि जिथं गंज फुटला तिथं पॉलिश पेपर मारून, रेड ऑक्साइड लावून, ब्रशनं पांढरा भरायचे. जवळून बघितलं तर ब्रशचे फराटे दिसायचे. मला तोच रंग हवा होता, जो मोती चौकातल्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं मिळेल आणि जो मी स्वतः दारात बसून भरू शकेन. पांढरा. सरकारी करड्याचा, म्हणजे पहिल्या रंगाचा, हक्क डावलला जातो हे मला मान्य आहे. आरसी बुकावर आप्पांनी पांढरा लिहून घेतलेला आहेच, त्यामुळं आरटीओचीही कटकट नाही. बॉनेटच्या खालची मी घासलेली बोटभर जागा पेंटरनं भरून टाकली, आणि मी त्याला थांबवलं नाही. भरायचीच होती, तिथं पाणी बसतं.

पेंटर खट्टू झाला. पांढऱ्या जीपचा फोटो टाकून त्याला पुढची कामं कशी मिळणार? मग रिमांना तरी काळा मारू, बंपरला काळा मारू, असं करत त्यानं आपला वाटा काढून घेतला. छान दिसतंय, खोटं का बोला.

आता गाडी चालते आणि काम संपलेलं नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकाला एक जोडलेले असतात, मधल्या शाफ्टवर एक सील असतं, आणि ते कमकुवत झालं की गिअरबॉक्समधलं तेल हळूहळू पलीकडं जातं. गिअरबॉक्स कोरडा पडत जातो आणि ट्रान्सफर केस भरून वाहायला लागतो. या जातीच्या जीपचं हे जुनं दुखणं. मिस्त्रींनी सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलंय, आणि आईनं दसऱ्याच्या आत काहीही खोलायचं नाही असं बजावलंय. खंडेनवमीला पाने-हातोड्या पुजायच्या, दसऱ्याला गाडी दारात पाहिजे, झेंडूचा हार घालून, आणि नुसती उभी नको, चालू पाहिजे, आईला यवतेश्वरला जायचंय. पुढच्या सीटवर. सील मी आणून ठेवलंय. तोवर दर शनिवारी ट्रान्सफर केसच्या वरच्या प्लगमधून जास्तीचं तेल बाहेर घेते आणि गिअरबॉक्समध्ये परत ओतते. हे मिस्त्रींना कळलं तर ओरडतील असं वाटलं होतं. परवा आले, खाली वाकून बघितलं, ट्रे बघितला, माझ्या हातातलं नरसाळं बघितलं.

"वता, वता," म्हणाले. "फडक्यातनं गाळून वता म्हंजे झालं."